ओमेगा-३ तपासायला रक्त देणार असाल तर

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २७ वर्षं रक्त काढते आहे. सकाळी साडेसहाला शटर वर करायचं, उदबत्ती लावायची, सुया-ट्यूबांचा ट्रे मांडायचा आणि पहिल्या उपाशी पेशंटला खुर्चीत बसवायचं, हा माझा नेम. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल रोजचंच. अलीकडे मात्र महिन्यातून दोन-तीनदा कोणीतरी विचारतं, "दीदी, वो ओमेगा-थ्री वाला टेस्ट होता है क्या?" ओमेगा-३ म्हणजे चरबी ज्यांची बनते त्या फॅटी ॲसिडचा एक प्रकार. तपासणी होते. रक्त आम्ही घेतो, ते दिल्लीकडच्या मोठ्या लॅबला जातं आणि आठवड्याभरात रिपोर्ट येतो. पण त्या नावाखाली तीन वेगवेगळ्या तपासण्या आहेत. कुठली करायची हे विचारणारा कोणी भेटत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी घरचं सांगते. आमच्या ह्यांची बायपास झाली त्याला आता चार वर्षं झाली. मी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले होते, तेव्हा सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांपैकी कोणीतरी ह्यांच्या डोक्यात या तपासणीचं घातलं. हे एका कलेक्शन सेंटरवर गेले, "फॅटी ॲसिडवालं करा" म्हणाले आणि पैसे भरून आले. रिपोर्टमध्ये ओमेगा-३ च्या रकान्यात आकडा होता २.३. मित्राने मोबाइलवर दाखवलं की ८ च्या वर चांगलं, ४ च्या खाली म्हणजे धोका. त्या रात्री फोनवर ह्यांचा आवाज ऐकून मीच घाबरले. जन्मात अंड्याला हात न लावलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी फिश ऑइलची बाटली आणली आणि रोज सहा कॅप्सूल घ्यायला सुरुवात केली. ॲस्पिरिन चालूच होती. बाराव्या दिवशी नाकातून रक्त आलं. ते कॅप्सूलमुळेच आलं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण डॉक्टरांनी कॅप्सूल त्याच दिवशी बंद करायला लावल्या.

परत आल्यावर मी रिपोर्ट हातात घेतला. अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं, नमुना: प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा पातळ भाग. मित्राने दाखवलेले ४ आणि ८ हे आकडे लाल पेशींचे आहेत. प्लाझ्माच्या आकड्याला ती पट्टी लावणं म्हणजे तुपाला दुधाचा भाव लावणं. माझा माणूस बारा दिवस चुकीच्या पट्टीने मोजलेल्या भीतीत जगला आणि मी याच कामातली असून तेव्हा त्याच्याजवळ नव्हते. ही गोष्ट मला अजून लागते.

आपण नेमकं काय मोजतो

कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दाखवणारं लिपिड प्रोफाइल वेगळं आणि हे वेगळं. लिपिड प्रोफाइल रक्तात चरबी किती आहे ते सांगतं, ही तपासणी ती चरबी कुठल्या कुठल्या फॅटी ॲसिडची बनली आहे ते सांगते. काउंटरवर बसलेली नवी मुलं कित्येकदा यात घोळ घालतात, तेव्हा पावती फाडण्याआधी नाव वाचून घ्या.

फॅटी ॲसिड डझनावारी आहेत आणि त्यातली बहुतेक शरीर स्वतः बनवतं. दोन मात्र बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. एक लिनोलेइक ॲसिड, हे ओमेगा-६ च्या घराण्यातलं. दुसरं अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे एएलए, हे ओमेगा-३ चं. १९२९ मध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना चरबी अजिबात नसलेलं खाणं देऊन पाहिलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला आणि शेपटीला खवले धरले. पुढे थोडंसं लिनोलेइक ॲसिड दिल्यावर ते सुधारले. चरबी म्हणजे नुसता उष्मांक, ही तोवरची समजूत तिथे मोडली.

एएलएपासून शरीर पुढे ईपीए आणि त्याच्याही पुढे डीएचए बनवतं, हीही ओमेगा-३ च. मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्यात भरपूर असतं ते डीएचए. पण ही वाट अरुंद आहे. खाल्लेल्या एएलएचा थोडासाच भाग ईपीए होतो आणि डीएचए तर त्याहून खूपच कमी. ज्या एन्झाइमने हे काम व्हायचं तेच एन्झाइम ओमेगा-६ लाही लागतं, म्हणून ताटात ओमेगा-६ चा पूर असेल तर ओमेगा-३ च्या वाट्याला ते कमी येतं. हा परिच्छेद लक्षात ठेवा, पुढे आमच्या घरचे आकडे सांगेन तेव्हा त्याचं काम पडेल.

आता त्या तीन तपासण्या.

पहिली आणि बहुतेकांच्या कामाची, ओमेगा-३ इंडेक्स. लाल पेशींच्या आवरणात जी सगळी फॅटी ॲसिड आहेत, त्यांत ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के, एवढंच ती सांगते. विल्यम हॅरिस आणि क्लेमेन्स फॉन शाकी यांनी २००४ मध्ये हे माप सुचवलं. ८ टक्के किंवा वर चांगलं, ४ किंवा खाली कमी, मधलं ते मधलं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे हा आकडा मागच्या तीन-चार महिन्यांच्या खाण्याचा असतो. मधुमेहवाल्यांना एचबीएवनसी माहीत असतं, तसंच हे समजा. आदल्या रात्रीच्या जेवणाने तो हलत नाही.

दुसरी प्लाझ्मा किंवा सीरममधली. ही अलीकडच्या दिवसांचं खाणं दाखवते आणि चटकन बदलते. काल लग्नात जेवलात तर आज तिच्यात उमटेल. आमच्या ह्यांची झाली ती हीच. ती वाईट नाही, तिचा उपयोग वेगळा आहे.

तिसरी अत्यावश्यक फॅटी ॲसिडचं पूर्ण प्रोफाइल, खरोखरची कमतरता शोधणारं. तिच्यात मीड ॲसिड नावाचा घटक पाहतात. लिनोलेइक आणि एएलए दोन्ही मिळेनाशी झाली की शरीर हाताशी असलेल्या ओलेइक नावाच्या दुसऱ्या फॅटी ॲसिडपासून मीड ॲसिड बनवून वेळ भागवतं. त्याचं ॲरॅकिडोनिक ॲसिडशी (हे ओमेगा-६ च्या घराण्यातलं) असलेलं प्रमाण ०.२ च्या वर गेलं की कमतरता धरतात. ज्यांचं आतडं कापून काढलंय, ज्यांना चरबी पचत नाही, ज्यांना बरेच दिवस सलाइनवाटे पोषण दिलं जातंय, अशांसाठी डॉक्टर ही मागवतात. इतक्या वर्षांत माझ्या हातून हे रक्त मोजक्या वेळा गेलं. त्यातली एक बाई मला आठवते. लहान आतड्याचा मोठा भाग काढलेला, पायांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी सुटत होती, केस विरळ. ताटात रोज वरण-भात-तेल असलेल्या धडधाकट माणसाला ही कमतरता होत नाही. तेलाच्या रोजच्या फोडणीतूनच लिनोलेइक पुरेसं पोटात जातं.

कोणी करावी, कोणी थांबावं

मी लॅबमध्ये काम करते, तरी हे मनापासून सांगते. तुम्ही कधीच मासे खाल्ले नसतील, शैवालाच्या किंवा माशाच्या तेलाची कॅप्सूल घेत नसाल, तर तुमचा इंडेक्स ४ च्या आसपास किंवा खाली येणार, हे मी रक्त न काढताच सांगू शकते. तेवढं कळायला हजारांत पैसे घालू नका. त्या पैशांत आधी बी१२ आणि डी जीवनसत्त्व तपासा. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत त्यांची उणीव मला रोज दिसते, आणि तिचा उपाय साधा, स्वस्त आहे.

तपासणी कामाची कोणाला? जे आधीपासून कॅप्सूल घेतायत आणि ती अंगी लागतेय का हे पाहायचंय त्यांना. हृदयविकार आहे किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेलं आहे आणि डॉक्टर औषधाचा विचार करतायत त्यांना. गरोदर आहे, शाकाहारी आहे आणि डॉक्टरांनी डीएचएबद्दल बोलणं काढलंय तिला. आणि ज्याला घरच्या खाण्यात बदल करून खरंच फरक पडतो का हे बघायचंय त्यालाही. पण मग एकदा करून भागत नाही, दोनदा करावी लागते. आधीची आणि चार महिन्यांनंतरची.

गेल्या तीन-चार महिन्यांत कोणाला रक्त चढवलं असेल तर थांबा. त्या पेशी दुसऱ्याच्या आहेत, त्यांच्या आवरणात त्याच्या घरच्या जेवणाचा हिशोब आहे. मोठ्या ऑपरेशननंतर लगेच इंडेक्स करायला आलेल्या दोघांना मी स्वतः परत पाठवलं आहे.

रक्त देण्याआधी

फोन करून तीन गोष्टी विचारा. नमुना आरबीसी (म्हणजे लाल पेशी) का प्लाझ्मा? रिपोर्टमध्ये ईपीए आणि डीएचए वेगवेगळे छापून येतात का? तपासणी जिथे होणार त्या लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅबचं काम तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि असली तर याच तपासणीसाठी आहे का? मान्यता एकेका तपासणीनिशी मिळते, बाहेरच्या पाटीवरच्या शिक्क्याने सगळं झाकलं जात नाही. उत्तर देणाऱ्याला माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणेल. तसं म्हणणारा माणूस चांगला. "हां हां, सब आता है" म्हणणाऱ्याकडे मी स्वतः रक्त देणार नाही.

मग दिवस ठरवा. आमच्या गावात याला फार महत्त्व आहे. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी कुरिअरवाल्याच्या डिकीत काय होत असेल याची कल्पना करा. डीएचएसारखी फॅटी ॲसिड हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडतात. डिसेंबर-जानेवारीत उलटं, धुक्याने दिल्लीकडच्या गाड्या तासन् तास अडकतात. म्हणून घाई नसेल तर फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. वार सोमवार ते बुधवार. शनिवारी दिलेलं रक्त रविवारी कुठेतरी पडून राहतं.

उपाशी जायचं का? इंडेक्ससाठी त्याने फारसा फरक पडत नाही, प्लाझ्मासाठी पडतो, आणि बहुतेक लॅब सरसकट १०-१२ तास सांगतात. सांगितलं असेल तर पाळा. पाणी प्या, भरपूर प्या, शीर चांगली सापडते. बेडई-जिलेबी रक्त दिल्यावर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घेणाऱ्यांनी उपाशी राहण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ओमेगा-३ च्या कॅप्सूल चालू असतील तर बंद करून जाऊ नका, चालू स्थितीतलाच आकडा हवाय. फॉर्मवर मात्र लिहा, नाव आणि किती.

खुर्चीत बसल्यावर तुम्ही काय पाहायचं, तेही सांगते. हे पाहणाऱ्या पेशंटचा चांगल्या टेक्निशियनला राग येत नाही. पाच-दहा मिनिटं बसून दम खा. ट्यूब जांभळ्या बुचाची असावी, तिच्यात ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून. रक्त भरल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करतात, खळखळून हलवत नाहीत, कारण लाल पेशी फुटल्या की नमुना गेला. मूठ सारखी उघड-मीट करू नका. पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त बांधलेला नको. तुमचं नाव तुमच्यासमोर ट्यूबवर लागलं पाहिजे, तुम्ही उठून गेल्यावर नाही. आणि ट्यूब थंड डब्यात जावी, पण बर्फाला टेकून नाही. बर्फासारख्या थिजलेल्या रक्तातल्या पेशीही फुटतात. वेगळ्या केलेल्या लाल पेशी ठेवायच्या असतील तर उणे ८० अंश लागतात. साध्या फ्रीझरच्या उणे २० मध्ये डीएचए काही आठवड्यांत घटत जातं. असा नमुना आकडा कमी दाखवतो आणि बिचारा पेशंट स्वतःच्या ताटाला दोष देतो.

बोटाला टोचून कागदावर थेंब घेण्याचीही पद्धत आहे. घरबसल्या होते आणि नीट केली तर चालते, पण त्या कागदाला बिघाड रोखणारं रसायन लावलेलं असावं लागतं आणि थेंब पूर्ण वाळल्यावरच पाकीट बंद करायचं असतं. पावसाळ्यात ते वाळायला वेळ लागतो. मला विचाराल तर मी शिरेतूनच घ्या म्हणेन.

पुढे दिल्लीला काय होतं ते थोडक्यात. लाल पेशी वेगळ्या करतात, त्यांतली फॅटी ॲसिड रसायनाने मिथाइल एस्टरच्या रूपात आणतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात सोडतात. लांबच लांब बारीक नळीतून प्रत्येक फॅटी ॲसिड आपल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर एकेक टेकडी उमटते. टेकडी जितकी मोठी तितकं ते जास्त.

रिपोर्ट हातात आल्यावर

पहिल्यांदा आकडा पाहू नका. नमुन्याचा प्रकार पाहा, मग एकक पाहा. टक्के आहेत का मायक्रोमोल, म्हणजे प्रत्यक्ष मात्रा? टक्के असतील तर लक्षात ठेवा, सगळ्यांची बेरीज १०० आहे. एक वाढलं की दुसरं घटलेलं दिसणारच, खाण्यात त्याला हात लावलेला नसला तरी. ओमेगा-६ चा आकडा "कमी झाला" म्हणून आनंदी किंवा दुःखी होणारे लोक मी पाहिलेत. तो नुसता शेजारी सरकलेला असतो.

मग ईपीए आणि डीएचए शोधा आणि स्वतः बेरीज करा. लॅबने इंडेक्स म्हणून छापलेला आकडा त्या बेरजेशी जुळतो का पाहा. काही रिपोर्ट "एकूण ओमेगा-३" छापतात, त्यात एएलए आणि इतरही धरलेले असतात, तो इंडेक्स नव्हे.

खाली ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं गुणोत्तर असेल, ॲरॅकिडोनिक आणि ईपीएचंही असेल, लाल ठशात. त्यावर झोप घालवू नका. ओमेगा-६ हा शत्रू नाही, लिनोलेइक ॲसिड स्वतः अत्यावश्यक आहे आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००९ मध्ये ओमेगा-६ उगाच कमी करू नका असंच सांगितलं होतं. खाली येण्यासारखं गुणोत्तर असेलच तर ते ओमेगा-३ वाढवून आणायचं.

शेवटच्या ओळीत ट्रान्स फॅट असलं तर तेवढं मात्र नीट वाचा. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे तेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. तरी वनस्पती तुपातलं तळण रोज खाणाऱ्याच्या पेशी खरं सांगतात.

आणि आकडा कमी आला म्हणून तो आजार झाला असं नाही. कमी इंडेक्सवाल्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसतात, हे निरीक्षण आहे. कॅप्सूल घेतल्याने ते सरसकट टळतात, असं चाचण्यांत निघालेलं नाही. २०१८ मध्ये निकाल आलेल्या व्हायटल नावाच्या मोठ्या चाचणीत २५,८७१ माणसं होती, अर्ध्यांना रोज एक ग्रॅम ओमेगा-३ दिलं. हार्ट ॲटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू अशा सगळ्यांची एकत्र मोजणी केली तेव्हा ठोस फरक पडला नाही. शिवाय मोठ्या डोसने ॲट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ठोका अनियमित होण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून हृदयरोग्याने आणि ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं औषध घेणाऱ्याने रिपोर्ट घेऊन मेडिकलच्या दुकानात जायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. हे मी हात जोडून सांगते.

स्वयंपाकघरातले चार महिने

ह्यांची नवी तपासणी मी नोव्हेंबरात स्वतः केली, आरबीसीची. इंडेक्स ३.६. शाकाहारी माणसाचा असतो तसा.

डॉक्टरांशी बोलून आधी नुसतं खाणं बदलायचं ठरलं. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल. गावातल्या बहुतेक हिंदी घरांत सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, कारण भिंड-मुरैन्याच्या शेतांत हिवाळाभर पिवळं धमक तेच उभं असतं. आम्हा मराठी घरांना त्याचा वास कधी मानवला नाही. पण शेंगदाणा तेलात एएलए जवळजवळ नसतं, सरसोंच्या तेलात जातीप्रमाणे साधारण सहा ते पंधरा टक्के असतं, सोयाबीनच्या तेलात सात टक्क्यांच्या आसपास. करडई आणि सूर्यफुलात ओमेगा-६ भरपूर, एएलए नावाला.

तुमच्या घरात माणशी किती तेल लागतं ते मोजायला सोपं आहे. पाच लिटरचा डबा उघडाल त्या दिवशी झाकणावर तारीख लिहा. आमचा चार माणसांत ३८ दिवस पुरला, म्हणजे माणशी रोज ३३ मिलिलिटर, साधारण ३० ग्रॅम. मी त्यातलं निम्मं सरसोंचं केलं. भाज्या आणि लोणचं त्यात, वरणाची फोडणी आणि पोहे शेंगदाण्यात. १५ ग्रॅम सरसोंच्या तेलातून माणशी साधारण एक ते दोन ग्रॅम एएलए आलं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पुरेसं म्हणून धरलेलं प्रमाण बायकांना दिवसाला १.१ ग्रॅम आणि पुरुषांना १.६ ग्रॅम आहे. सासूबाईंना पहिले आठ दिवस वास आला, मग तेल धूर येईपर्यंत तापवून, किंचित निववून फोडणी घालायला लागले आणि तक्रार थांबली.

उरलेलं जवसाने भरलं. इथे अलसी म्हणतात, दाल बाजारात पोत्याने मिळते. सबंध दाणे खाऊन उपयोग नाही, ते जसेच्या तसे बाहेर पडतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, लसूण, सुकी मिरची, मीठ घालून कुटायचे. एक मोठा चमचा पूड साधारण ७ ग्रॅम, तिच्यात दीड ग्रॅमच्या वर एएलए. आठवड्यापुरतीच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. कुटल्यावर ती लवकर खवट होते आणि खवट झालेली टाकून द्यायची, संपवायची नाही. थंडीत अलसीचे लाडूही केले, पण ह्यांना साखर सांभाळावी लागते म्हणून दिवसाआड एक.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा रक्त घेतलं. तीच लॅब, तोच नमुना. एएलए वाढलेलं दिसलं. इंडेक्स ३.८.

घरात सगळे हिरमुसले, सासूबाई जास्त. मला मात्र हेच अपेक्षित होतं. ती अरुंद वाट. ३.६ आणि ३.८ मधला फरक तर यंत्राच्या मापातलाही असू शकतो. जवस आणि सरसों वाया गेले असं मी मुळीच म्हणणार नाही. एएलए स्वतः अत्यावश्यक आहे, जवसात चोथाही भरपूर असतो, आमच्याकडे दोन्ही अजून चालू आहेत. पण जवस खाऊन इंडेक्स ८ होईल असं कोणी सांगत असेल तर तो आकडा त्याने कधी मोजलेला नाही.

मग डॉक्टरांनी शैवालाच्या तेलाची कॅप्सूल दिली. मासा स्वतः डीएचए फारसं बनवत नाही, समुद्रातल्या सूक्ष्म शैवालापासून ते त्याच्यात येतं, आणि तेच शैवाल टाक्यांत वाढवून त्याचं तेल काढतात. शाकाहारी माणसाला हा सरळ रस्ता आहे. लेबल वाचायला मात्र शिका. समोर मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. नेहमीच्या फिश ऑइलमध्ये त्यातलं ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० च असतं. मागची बारीक ओळ वाचून या दोघांची बेरीज करा, डॉक्टरांनी सांगितलेला आकडा तिच्याशी जुळवा. ह्यांना दोन्ही मिळून ५०० ठरलं, रोज, दुपारच्या जेवणाबरोबर. चरबी असलेल्या जेवणासोबत घेतलं की ते चांगलं शोषलं जातं.

मासे खाणाऱ्यांसाठी इतकंच, की बांगडा आणि तारलीसारख्या समुद्रातल्या तेलकट माशांत ईपीए-डीएचए असतं तेवढं आमच्याकडे मिळणाऱ्या रोहू-कतल्यात नसतं. आठवड्याला दोनदा रोहू खाणाऱ्यांनी इंडेक्स आपोआप चांगला असेल असं धरू नये.

ऑगस्टमध्ये तिसरी तपासणी केली. सोमवार होता, पाऊस पडत होता, ट्यूबवर ह्यांचं नाव मीच लिहिलं. इंडेक्स ५.२. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवायचा नाही, ८ च्या मागे धावायचं नाही, आहे तसं चालू ठेवा. ह्यांनी आरबीसीचे तिन्ही रिपोर्ट एका फाइलला लावले आणि सगळ्यात आधीचा, प्लाझ्मावाला, वेगळ्या पाकिटात घालून त्यावर पेनाने लिहिलं: याची तुलना करू नये.

पुढची तपासणी आम्ही फेब्रुवारीत करणार आहोत, धुकं सरल्यावर.